लांब तुकडे गाळा

प्रयोगशाळेत त्याला सगळे मेकॅनिक म्हणत. त्याने जन्मात एक गाडी दुरुस्त केली नव्हती. सायकलची चेन निसटली तरी तो ती ढकलत दुकानापर्यंत नेई. पण कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बंद पडला, की त्याचं झाकण उघडून आत हात घालायची छाती त्या मजल्यावर त्याच्या एकट्याची होती. बाकीच्यांना प्रोग्राम म्हणजे पाण्याचा नळ. फिरवला की आलं पाहिजे, नाही आलं तर मेकॅनिकला हाक मारायची. रक्ताची नळी यंत्रात जाई, यंत्र त्या माणसाची जनुकं अक्षर-अक्षर वाचून काढी, आणि त्या अक्षरांच्या ढिगातून काही अर्थ लावायचं काम प्रोग्रामवर सोपवलेलं असे. आणि ते प्रोग्राम असत फुकटचे.

फुकटचे म्हणजे चोरलेले नव्हेत. जगात काही भली माणसं असतात, ती आपला प्रोग्राम लिहून चव्हाट्यावर ठेवून देतात: घ्या, वापरा, आत डोकावून बघा, मोडला तर दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती आम्हालाही द्या. कल्पना फार छान आहे. अडचण एवढीच, की वापरणारे ढीगभर असतात, दुरुस्त करणारे दोन, आणि ते ढीगभर लोक या दोघांना घरचे नोकर समजून दमात घेतात. अशाच एका प्रोग्रामचं नाव होतं 'दाणे'. तो मुळात लिहिणारा एक निवृत्त पीकशास्त्रज्ञ, दूरच्या कुठल्या देशात राहणारा. तक्रारींच्या पानावर तो 'कासव' या नावाने उत्तरं देई आणि नावाला जागत असे. दुसरा दुरुस्त करणारा म्हणजे आपला मेकॅनिक.

जनुकांच्या मजकुरात काही ठिकाणी तीन अक्षरांचा एकच शब्द पुन्हापुन्हा येतो, पाढे म्हणताना पोर एकाच ओळीवर अडकून बसावं तसा. तो किती वेळा आलाय हे मोजायचं, एवढंच 'दाणे'चं काम. कासवाने ते गव्हाच्या वाणांसाठी लिहिलं होतं. पुढे माणसांच्या प्रयोगशाळांनी ते उचललं, कारण ते झपाट्याने चाले आणि कोणाची परवानगी लागत नसे.

माणसात ही मोजणी म्हणजे गंमत नाही. मेकॅनिकला ते कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याचे वडील बस चालवत. चाळिशी उलटली तसे त्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले; चालताना झोक जाई, बोलताना जीभ अडखळे. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला पिऊन गाडी चालवतो म्हणून कामावरून काढलं. आजाराचं नाव कळलं तोवर शेजाऱ्यांनी त्यांना बेवडा ठरवून मोकळं केलं होतं. शेवटी शेवटी ते आपल्या मुलांना ओळखत नसत आणि ओळखलं की चिडून अंगावर येत. आईने सगळं केलं, आणि ते गेल्यावर तीही फार टिकली नाही.

तो आजार म्हणजे असाच एक अडकलेला शब्द होता. एका ठरावीक जनुकात तो चाळिसाच्या बराच आत असला तर माणूस ठणठणीत. चाळिसाच्या वर गेला, की आज नाही तर उद्या आजार येणारच. त्यावर औषध नाही. प्रत्येकात त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. वडिलांची खराब प्रत पोराकडे येते किंवा येत नाही. नाणं उडवल्यासारखं आहे ते.

मेकॅनिकने स्वतःचं तपासलं नाही. घाबरला. लग्नही केलं नाही, आणि विचारणाऱ्यांना "जमलं नाही" असं सांगत राहिला. त्याची धाकटी बहीण मात्र धीट. लग्न ठरायच्या आधी ती त्याच्याच प्रयोगशाळेत येऊन रक्त देऊन गेली. "चांगलं आलं तर लग्न, वाईट आलं तर नाही. उगाच एखाद्याच्या घरात बाबा कशाला नेऊन ठेवू?" असं म्हणाली होती. रिपोर्ट आला: दोन्ही प्रतींत शब्द अठरा वेळा. अठरा आणि अठरा. फोनवर तिला तो आकडा सांगताना मेकॅनिक एवढा रडला, की तिला आधी वाटलं वाईटच आलंय.

आता धाकटीला एक मुलगी होती, चिमणी. मेकॅनिक तिचा मामा. दर रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला जाई. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि तो दारातून आत आला रे आला की त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन, बारक्या स्क्रू ड्रायव्हरने दांड्या घट्ट करून परत द्यायची. "एवढा शहाणा माणूस आणि चष्मा बघा, लोंबतोय," असं तिचं ठरलेलं वाक्य होतं.

तर त्या आठवड्यात तक्रारींच्या पानावर एक नवी तक्रार आली. लिहिणारी दुसऱ्या देशातल्या एका छोट्या प्रयोगशाळेतली बाई, नाव घेतलं होतं 'मुंगी'.

"तुमचा प्रोग्राम एकाच घरातल्या नमुन्यांवर क्रॅश होतोय," तिने लिहिलं होतं. "बाकी सगळ्यांवर सुरळीत चालतो. त्या लोकांचं रक्त मी पुन्हा मागवलं. आता ते माझ्यावर वैतागलेत."

मेकॅनिकने न वाचल्यासारखं वाचलं. 'दाणे' बंद पडे यात नवीन काय होतं? पडताना तो म्हणे, की निकाल फाइलमध्ये लिहिताना मेमरी बिघडली. लोक कॉम्प्युटरची मेमरी वाढवत, तरी पडे. मग कधीतरी कासवाने त्यात एक सोय करून दिली होती: 'लांब तुकडे गाळा'. यंत्राने वाचलेले अक्षरांचे तुकडे लहानमोठे असतात. त्यातले फार लांब वाटणारे बाजूला टाकले की प्रोग्राम गुमान चाले. का चाले, हे कोणी विचारलं नव्हतं. लांब तुकडे म्हणजे यंत्राचा काहीतरी गोंधळ असणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मेकॅनिक स्वतः हा सल्ला देऊन देऊन थकला होता. त्याने मुंगीलाही तोच दिला.

"ते करून पाहिलं," मुंगीचं उत्तर आलं. "ते केलं की चालतो. पण का चालतो ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करणार नाही."

असली माणसं म्हणजे मेकॅनिकच्या डोक्याला ताप. चालतंय ना बाई, मग चालू दे की. पण तिने उत्तरात कुठे आवाज चढवला नव्हता, आणि आवाज न चढवणाऱ्याला झटकणं त्याला जमत नसे. त्याने तिला जुनी युक्ती सांगितली. फाइल अर्धी करा आणि दोन्ही अर्ध्या चालवून बघा. जी पडते ती पुन्हा अर्धी करा. असं करत करत सगळ्यात लहान तुकडा उरेल, ज्यावर प्रोग्राम पडतोच पडतो. तेवढाच मला पाठवा, नावगाव काही नको.

दुसरी कोणी असती तर इथेच गळाली असती. मुंगी नावाप्रमाणे कण कण वेचत बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक ओळ पाठवली. फक्त एक. तेवढ्या एका ओळीवर 'दाणे' आडवा होत होता.

मेकॅनिकचं टेबल खिडकीपाशी, फ्रीजरच्या ओळीला लागून. फ्रीजर दिवसभर घुमत असत. त्याने डबा उघडून एक घास घेतला आणि ती ओळ पडद्यावर आणली. सुरुवातीची अक्षरं साधी होती. मग तीच तीन अक्षरं. पुन्हा तीच. पुन्हा तीच. पडद्याच्या कडेपर्यंत तीच, आणि कड ओलांडून पुढेही. ही तीन अक्षरं तो झोपेतही ओळखू शकला असता. वडिलांच्या आजाराबद्दल जे काही छापलेलं होतं ते सगळं त्याने वयात येताना वाचून काढलं होतं. घास तोंडात तसाच राहिला.

त्याने प्रोग्राम उघडला, आणि या खेपेला प्रोग्राम मरताना ज्या खोलीचं, म्हणजे निकाल लिहिणाऱ्या भागाचं, नाव सांगे तिथे न जाता मोजणीच्या खोलीत गेला. तिथे कासवाने मोजलेले शब्द ठेवायला एक डबा केला होता. डबा ठरावीक मापाचा, चाळीस शब्द मावतील एवढा. गव्हाला तो भरपूर होता. त्याहून जास्त शब्द आले, की डबा उतू जाई आणि शेजारच्या कप्प्यातल्या सामानाचा चिखल करी. ते सामान बऱ्याच उशिराने, निकाल लिहिताना लागे. तेव्हा प्रोग्राम कोसळे. म्हणून सगळ्यांनी जन्मभर भलतीच खोली झाडली.

त्याने मुंगीला विचारलं, "त्या घरात आजारी कोण आहे हे सांगता येईल? नावं नकोत."

उत्तर लगेच आलं. "आई आणि मोठे दोघे मुलगे. सगळ्यात धाकट्याला काही नाही." मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ: "प्रोग्राम पडतो तो त्या तिघांवरच. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं."

म्हणजे 'दाणे' आजारी माणसांवरच पडत होता. त्याचं पडणं हाच रिपोर्ट होता. आणि जगभरातल्या प्रयोगशाळा तो रिपोर्ट गाळून टाकून, उरलेल्या चांगल्या प्रतीवरून माणसाला निरोगी ठरवत होत्या. दुसरी प्रत सापडली नाही, तर दोन्ही सारख्याच असतील असं धरून 'दाणे' पहिलाच आकडा दोनदा छापायचा.

मेकॅनिकला धाकटीच्या तपासणीचा दिवस आठवला. मुद्दाम आठवावा लागला नाही. मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, दाराशी उभ्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अरे, तुझ्या बहिणीच्या नमुन्यावर प्रोग्राम पडलाय. बघ जरा." आणि तो हसला होता. आमच्या घरातलं काही सरळ चालेल तर शपथ, असं काहीतरी म्हणाला होता. मग खुर्ची ओढून, लांब तुकडे गाळून, चालवून दिला होता. अठरा आणि अठरा. आईचीच प्रत दोनदा.

नात्यातल्या माणसाचा नमुना उघडायचा नाही, असा पक्का नियम तिथे मधल्या वर्षांत झाला होता. त्याने उघडला. दुरुस्ती फार नव्हती. डब्याचं माप काढून टाकलं, येतील तेवढे शब्द मावतील असं केलं. मग धाकटीची जुनी फाइल लावली. प्रोग्राम पडला नाही. त्याने शांतपणे दोन आकडे छापले. अठरा. सत्तेचाळीस.

तो उठून हात धुवायच्या खोलीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याला वाटलं, चूक नव्या दुरुस्तीतच असेल. असं वाटून घ्यायला त्याला फार बरं वाटलं. दुरुस्ती केली की ती नेहमीच्या चाचणीतून काढायची असते, तशी त्याने काढली. चाचणीचा नमुना वर्षानुवर्षं एकच होता, कासवही तोच वापरी, मॅडमनीही प्रोग्राम कामाला लावण्याआधी त्यावरच भरवसा ठेवला होता. पडद्यावर आलं: पास. दरवेळी पासच येई. त्या नमुन्यावर 'दाणे' आजवर एकदाही पडला नव्हता.

तो नमुना मेकॅनिकच्या स्वतःच्या रक्ताचा होता.

तेव्हा त्याने तो हौसेने दिला होता. चाचणीला कोणाचं तरी रक्त हवंच असतं, आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना आपलंच हाताशी असतं. फक्त एक काळजी घेतली होती. त्या एका जनुकाचा आकडा पडद्यावर येऊ नये, नुसतं पास की नापास एवढंच यावं, असं लिहून ठेवलं होतं. स्वतःच्या डोळ्यांवर स्वतःच पट्टी बांधली होती. आणि इतकी वर्षं प्रोग्राम त्याला रोज उठून सांगत होता: तुझ्यात नाही. तुझ्यात नाही.

त्याला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. शेजारच्या पडद्यावर बहिणीचे सत्तेचाळीस दिसत असताना त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, पाय हलके झाले, आणि पुढच्याच क्षणाला त्याला स्वतःची इतकी किळस आली की दोन्ही पडदे बंद करून त्याने डोकं टेबलावर टेकलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.  आधी त्यांनी बहिणीचा नमुना उघडल्याबद्दल त्याला झाडलं, आणि ते योग्यच होतं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"हा आजार आपल्याकडे क्वचित तपासायला येतो," त्या म्हणाल्या. "आला तो प्रत्येक जण निरोगी निघाला. आणि आपण दरवेळी खूश झालो. एकदा तरी शंका यायला हवी होती रे, की सगळेच कसे सुटतात?"

"चांगल्या बातमीची शंका कोणाला येते, मॅडम?"

"आपल्याला यायला हवी. पगार त्याचाच घेतो आपण." त्यांनी कपाळ चोळलं. "तपासून बघायला घेतलेलं रक्तही निरोगी माणसाचं. ज्याच्यावर पडणारच नाही, त्याच्यावर चालवून बघितलं आणि म्हटलं, छान चालतंय."

निरोगी माणूस कोण, हे त्यांना माहीत होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, पण तेवढ्यावर थांबल्या.

ठरलं असं, की ज्यांचे ज्यांचे लांब तुकडे गाळले गेले, त्यांचे जुने नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यायचे. तोवर कोणाला अवाक्षर सांगायचं नाही. धाकटी त्यात एकटी नव्हती. आणखी काही माणसं आपण सुटलो या समजुतीत कुठे कुठे संसार करत होती. मेकॅनिकने तक्रारींच्या पानावर मोठ्या अक्षरांत इशारा लिहिला, दुरुस्ती दिली आणि गाळायची सोय काढून टाकली. एरवी आठवडा लावणाऱ्या कासवाने त्याच दिवशी उत्तर लिहिलं. "मी हे गव्हासाठी लिहिलं होतं," एवढंच. त्यानंतर त्या पानावर तो पुन्हा कधी दिसला नाही.

मध्ये रविवार आला. गेलं नाही तर संशय यायचा, म्हणून मेकॅनिक गेला. धाकटीने दारातच चष्मा काढून घेतला, ठरलेलं वाक्य म्हटलं. चिमणीने मामाच्या खांद्यावर बसून घराच्या चकरा मारल्या. मेहुणे ताटं मांडत होते. जेवणं होत आली तेव्हा ते धाकटीकडे बघून म्हणाले, "सांगू का गं?"

"सांगा की. दादाच आहे."

"आम्ही म्हणतोय, चिमणीला एक भावंड आणावं. एकटी फार लाडावत चाललीय."

मेकॅनिकच्या हातातला चमचा ताटात परत गेला. "घाई काय आहे?" तो म्हणाला.

"घाई?" धाकटी हसली. "चाळिशीला टेकल्यावर आणू का? की मामाला दोघादोघांचा घोडा व्हायचा कंटाळा?"

"नाही, तसं नाही. थोडं थांबा, एवढंच म्हटलं."

ती हसायची थांबली नाही, पण जेवण होईपर्यंत मधून मधून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिचे हात बघितले. वाढताना, ताट उचलताना, चिमणीचं तोंड पुसताना. हात स्थिर होते. बाबांचेही या वयात असेच होते. भर गर्दीतून ते बस अशी काढत की उभ्या माणसाचा तोल जात नसे. निघताना मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पेढे घेऊनच या, काय?" तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी सकाळी मॅडमनी त्याला आत बोलावलं आणि दार लावलं. त्यांनी कागद दाखवला नाही, नुसती मान हलवली. "तोच आकडा," त्या म्हणाल्या. "सोमवारी तिला बोलावून घेते. डॉक्टर असतील, समजावून सांगणाऱ्या बाई असतील. नियमाप्रमाणे तू त्या खोलीत नसणार." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सोमवारच्या आधीचं नियमात काही लिहिलेलं नाही."

गुरुवारी धाकटी अर्धाच दिवस कामावर असे. तो तिच्या इमारतीत जिन्याने चढला. लिफ्टमध्ये आरसा होता आणि त्याला तो नको होता. चढताना त्याने एक गोष्ट ठरवली: तिचं तिला सगळं सांगायचं, पण तिने माझं विचारलं तर म्हणायचं, मी कधी तपासलंच नाही. खोटंही नाही ते. तपासलं नव्हतंच. दोघं एका नावेत आहोत असं तिला वाटलं तर तेवढाच आधार.

"दादा? या वेळेला?" तिने दार उघडलं. चिमणी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपली होती, एक पाय खाली लोंबत. धाकटीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग सवयीने हात पुढे केला. "आण चष्मा."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि स्क्रू ड्रायव्हर फिरवायला लागली. चष्म्याशिवाय त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता. तेवढ्यामुळेच त्याला तोंड उघडता आलं.

"तुझा रिपोर्ट चुकला होता."

"कुठला?" ती म्हणाली. तिच्या आयुष्यात रिपोर्ट एकच होता.

त्याने सांगितलं. प्रोग्राम बाबांच्या प्रतीवर पडत होता, ती काढून टाकली, मग त्याने आईचीच प्रत दोनदा मोजली. आपण एकट्यांनीच केलं असं नाही, सगळे तसंच करत होते, हेही त्याच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्यावर त्याला लाज वाटली.

"काढून टाकली कोणी?"

"मी."

स्क्रू ड्रायव्हर थांबला होता. "म्हणजे बाबांचं माझ्यात आलंय."

"हो."

"नक्की? की परत काही चुकलंय?"

"दुसरीकडूनही बघून घेतलं. नक्की."

 सोफ्यावर चिमणी कूस बदलून पुन्हा शांत झाली. धाकटीने तिकडे मान वळवली असावी, कारण पुढचा प्रश्न तिकडे तोंड करून आला. "आणि हिच्यात?"

"असेल किंवा नसेल. लहान मुलांचं तपासत नाहीत. मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवायचं."

"रविवारी तुला माहीत होतं."

"होतं."

"माझ्याच घरात बसून जेवलास."

 तिने नाक ओढलं. रडत होती की नाही, त्याला कळेना.

"त्या दिवशी फोनवर तू रडलास ना," ती म्हणाली, "मला वाटलं होतं, माझा दादा माझ्यासाठी किती रडतोय. त्याच जोरावर मी सगळं केलं. लग्न, ही पोर, सगळं." मग अगदी वेगळ्या, साध्या आवाजात म्हणाली, "आणि तुझं?"

ठरवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. चार शब्दांचं तर होतं. पण त्यानेच एकदा हिला अर्धं मोजून पूर्ण म्हणून दिलं होतं, आणि आता पुन्हा तेच करायला निघाला होता.

"माझ्यात नाही," तो म्हणाला.

"कधी तपासलंस?"

"तपासलं नाही. चाचणीला माझंच रक्त वापरायचे. त्याच्यावर प्रोग्राम कधी पडलाच नाही."

तिने दुसरी दांडी घट्ट केली. काचा ओढणीने पुसल्या, उजेडात धरून बघितल्या, पुन्हा पुसल्या. मग उठून आली आणि दुकानात गिऱ्हाइकाला घालतात तसा, दोन्ही कानांमागे बोटं फिरवून, चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला. तिचा चेहरा त्याला एकदम स्वच्छ दिसला. तो ओला होता आणि तिने तो पुसला नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग हिला तू सांग."

"काय?"

"हे सगळं. हिला विचारायचं वय येईल तेव्हा मी बाबांसारखी झालेली असेन. काय बोलेन ते मलाच कळणार नाही. ह्यांनी बाबांना पाहिलेलं नाही, ह्यांना जमायचं नाही. तूच उरशील शेवटपर्यंत. तर मी बेवडी नव्हते, वेडी नव्हते, हे हिला तू सांग. आणि तुझ्या हातून काय झालं तेही सांग. मधलं काही सोडू नकोस."

त्याने मान हलवली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही; तोंडाने हो म्हणेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग ती चिमणीचा लोंबता पाय उचलून सोफ्यावर ठेवायला गेली.